बिननावाचा कागद

फारमावर नाव लिहायचं नव्हतं. रुचिनं हे तीनदा सांगितलं. पहिल्यांदा सगळ्यांना मिळून, मग रांगेतल्या चौघी-चौघींना, मग एकेकीच्या कानाशी वाकून. "तुमचं नाव कुठंच येणार नाही मावशी. मोकळं बोला."

आणि बायांनी काय केलं? आपल्या हातानं अंगठे लावले.

रुचि म्हणजे दुर्गाप्रसाद सेठची पुतणी. नागपूरला एमबीए शिकत होती. शेवटच्या वर्षाला एक प्रोजेक्ट लागतो, त्यासाठी काकाच्या राईस मिलमध्ये आली. विषय होता कामाच्या ठिकाणचं जीवनमान आणि कर्मचाऱ्यांचं समाधान. चाळीस फारम भरायचे, प्रत्येकावर सतरा प्रश्न. उत्तर एक ते पाच आकड्यात. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे एकदम खूश.

साल २००८, डिसेंबर. गोंदियातून फुलचूरकडे निघालं की उजव्या हाताला ही मिल लागायची. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची मिल. धान हौदात भिजवायचा, वाफेवर उकडायचा, सिमेंटच्या पटांगणात वाळवायचा, मग मशिनीत घालायचा. वाफ बॉयलरची, आणि बॉयलरच्या पोटात रात्रंदिवस धानाचा भुसा. अठरा बाया हौदावर आणि पटांगणात. उकडलेला धान गरम असताना पायानं फिरवावा लागतो, एका रेषेत चालत, पाय ओढत. त्यांचे तळवे बघाल तर बैलाच्या खुरासारखे. पण तळव्याबद्दल फारमात प्रश्न नव्हता.

"मावशी, कामाच्या ठिकाणी तुम्हाला सन्मान मिळतो का?" रुचिनं विचारलं.

पुढं अनुसयाबाई बसली होती. साठीची बाई, मिलमधली सगळ्यात जुनी. "सन्मान? तो कोनत्या महिन्यात भेटते वो?"

बाया हसल्या.

"म्हणजे तुमच्याशी नीट बोलतात का?"

"दिवानजी पहिले मले अनुसयाबाई म्हने. मंग बुडीबाई म्हने. आता नुसती बुडी म्हनते. किती लिहिशीन?"

"दोन लिहू?"

"लिही दोन. त्याच्या घरी बी बुडी हाय, तिले इचारजो."

कारकून उदाराम, ज्याला सगळे दिवानजी म्हणायचे, तिथंच खुर्ची टाकून बसला होता. तोही हसला. बसलाच कशाला होता? ऐकायला. पण रुचि शिकलेली पोरगी. तिनं सांगितलं, "उदारामकाका, तुम्ही इथं बसलात तर कुणी खरं बोलणार नाही." आणि त्याला उठवून ऑफिसात पाठवलं. मिल सुरू झाल्यापासून दिवानजीला कुणी उठवलं नव्हतं. बायांनी डोळे भरून पाहिलं.

"मावशी, बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय?"

"भुशाच्या ढिगामागं हाय ना. हवा बी भेटते."

अशी दोन तास चेष्टा चालली. पुरुषांचे फारम सकाळीच झाले होते. बॉयलरवरच्या बकारामनं सगळीकडं पाच सांगितले होते. कामाबद्दल अभिमान वाटतो का, या प्रश्नाला म्हणाला, "सहा असन तं सहा लिहा." चौदा वर्षं बॉयलरची भट्टी पेटवणारा फायरमन. मिलमध्ये सेठनंतर आपलाच नंबर, असं त्याला खरंच वाटायचं.

अंगठ्याची गोष्ट अनुसयाबाईपासून सुरू झाली. सतरावा प्रश्न संपला तशी ती म्हणाली, "अंगठा कोठी लावू?"

"अंगठा नाही लागत मावशी. नाव नाही, सही नाही, काहीच नाही."

"अंगठ्याबिना कागद कोनता असते वो? उद्या दिवानजी म्हननार, बुडी बोललीच नाही."

रुचिनं पुष्कळ समजावलं. म्हातारी उठली, दिवानजीच्या टेबलावरून शाईचा पॅड घेऊन आली आणि डाव्या हाताचा अंगठा ठपकन फारमाच्या खाली मारला. "बोललो तं बोललो," म्हणाली. मग तिच्या मागच्या सगळ्यांनी मारला. रुचिला गंमत वाटली. प्रोजेक्टमध्ये चांगलं दिसेल म्हणाली. हसू नका. आयुष्यभर ज्यांनी अंगठा मारल्याशिवाय रेशन उचललं नाही, मजुरी घेतली नाही, त्यांना बिनअंगठ्याचा कागद खोटाच वाटणार.

नववी होती रुख्मा. बकारामची बायको.

सोळा प्रश्नांना ती तीन-तीन म्हणत गेली. तीन म्हणजे मधातलं, ना इकडं ना तिकडं. सतरावा प्रश्न आकड्याचा नव्हता. रुचिनं वाचला, "आणखी काही सांगायचं आहे का?" आणि पेन धरून थांबली.

थांबली, तिथंच घोळ झाला. रुख्मा चाळीस वर्षांची झाली होती. तिला प्रश्न विचारून उत्तरासाठी कुणी थांबलेलं तिला आठवत नव्हतं. बाप थांबला नाही, नवरा थांबला नाही. ही पोरगी तोंडाकडं बघत थांबली होती.

रुख्मानं मागं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बॉयलरच्या सेफ्टी वालले तार बांधली हाय."

"म्हणजे?"

"वाफ जास्त झाली का तो वाल आपसूक उघडते. तार बांधली तं नाही उघडत. वरून लोखंडाची सळाख बी टांगली हाय. दोन साल झाले."

रुचिनं लिहून घेतलं. शब्दाला शब्द. लिहून झालं तसा रुख्माला पुढं पॅड दिसला. मागं नऊ बाया होत्या, पुढच्या आठींचे अंगठे झाले होते. न लावणारी एकटीच दिसली असती. तिनं लावला. तिच्या अंगठ्यावर इळ्याची जुनी खूण होती, तिरपी, नखाच्या बाजूनं खाली उतरलेली. शाईत ती पांढरी रेघ होऊन उमटली.

*

ती तार रुख्मानं पावसाळ्याच्या आधी पाहिली होती, डबा द्यायला गेली तेव्हा. बकारामला विचारलं तर तो भडकला. "तू वर काऊन पाहून राहिली? तुह्यं काम खाली हाय." मग दोन घास खाऊन म्हणाला, "वाफ उडते तं भुसा वाया जाते. सेठनं सांगतलं. दोन साल झाले."

त्यानंतर तिला एक गोष्ट दिसायला लागली. बकाराम बॉयलरपाशी चपला काढायचा, त्यांची तोंडं नेहमी दरवाज्याकडं. डबा खायचा तोही उंबरठ्यावर बसून. पाचपैकी पाच सांगणारा माणूस दोन वर्षं चपलांची तोंडं फाटकाकडं करून ठेवत होता.

फाटकावर बिसराम चौकीदार होता. त्याचा डावा कान मेणासारखा वितळून मानेला चिकटलेला. आधी तो दुसऱ्या गावी एका मिलमध्ये होता, तिथला बॉयलर फुटला. तिथं तिघं मेले. बाया विचारायच्या, कसा आवाज झाला बिसरामभाऊ? तो म्हणायचा, "आवाज मी ऐकलाच नाही. त्याच्या पहिले सारं चूप झालं, ते ऐकलं. वाफ सूं सूं करते ना सारा दिवस? ते बंद झालं. मंग मी दवाखान्यात उठलो."

तेव्हापासून रुख्मा हौदावर काम करताना कान बॉयलरकडं लावून असायची. सूं सूं चालू असली की धान हालवायची. जरा कमी वाटली की हात थांबायचा. असं सहा महिने काम केलं बाईनं. याला जीवनमान म्हणतात.

*

बारा दिवसांनी दिवानजी पटांगणात आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"कोन बोलली बॉयलरचं?"

पाय ओढणाऱ्या बाया थांबल्या.

"रुचिताईच्या सरनं वाचलं. म्हनते इन्स्पेक्टरले कळवा. ताईनं फोन केला सेठले, काका हे खरं हाय का म्हनून. सेठनं सारे फारम मागवले. आले कुरिअरनं काल." त्यानं एकेकीकडं बघत बघत पुढचं सांगितलं. "आनि बायाहो, तुमी तं हुशार. अंगठे लावून ठेवले."

कुणी हसलं नाही. अनुसयाबाईसुद्धा नाही.

रुख्माचा डावा हात आपोआप पदराखाली गेला. गेला आणि तिच्या लक्षात आलं, पदराखाली हात घेणारी एकटीच दिसते. तिनं तो बाहेर काढला. बाहेर काढला तर तो नुसता लोंबत राहिला, कुठं ठेवावा समजेना. अठ्ठावीस वर्षं धानात राबलेला हात तिला पहिल्यांदा परका वाटला.

संध्याकाळी घरी बकाराम जेवायला बसला. फुलचूरला एका खोलीत राहत होते दोघं. गाव दवनीवाडा, तिथं धानाच्या शेताचा जरासा तुकडा, तो बकारामचा भाऊ कसायचा. बकारामच्या तोंडात दुसरी गोष्टच नव्हती.

"मले सेठनं बलावलं. म्हने बकाराम, तुह्या बॉयलरची बदनामी केली. माह्या बॉयलरची! कोन अशीन ते?"

"काय मालूम," रुख्मा म्हणाली.

"सुशीला अशीन. ते लय शानी हाय. का तिचा नवरा मनिराम? त्याले माह्या जागेवर याचं हाय." त्यानं भातात हात घातला आणि तसाच ठेवला. "ज्या रांडेनं सांगतलं ना, तिचा हातच तोडतो. आंगठ्यासकट."

रुख्मा वरण वाढत होती. डाव्या हातात वरणाचा गंज होता, मोठं पातेलं. गंजाच्या काठावर अंगठा, आणि अंगठा बकारामच्या डोळ्यांपासून वीतभर. तो वर बघेल म्हणून तिनं श्वास धरला. त्यानं पाहिलं नाही.

"पन तार तं हाय ना?" ती म्हणाली. कशी म्हणाली तिलाच माहीत.

बकारामनं भात कालवायला घेतला. "चौदा साल झाले. झालं का काही?"

"तार तं दोनच सालापासून हाय."

"चूप बस," तो म्हणाला. जेवण अर्धं टाकून उठला.

दुसऱ्या दिवसापासून रुख्मानं अंगठा घासायला सुरुवात केली. हौदाच्या सिमेंटवर घासला, पोत्याच्या सुतळीवर घासला. कातडी निघाली, रक्त आलं, खूण तशीच. लहानपणी धान कापताना इळा हाडापर्यंत गेला होता, ती खूण का घासून जाते? वाफेची नळी हौदाजवळून जायची, तिला हात लागला की फोड यायचा. रुख्मानं अंगठा तिच्याजवळ नेला. इतका जवळ, की नखाखाली चटका बसला. मग ओढून घेतला. हिंमत झाली नाही, आणि हिंमत झाली नाही याचीही भीती वाटली.

*

सोमवारी सकाळी अकरा वाजता दिवानजीनं बायांना ऑफिसपुढं उभं केलं. बँकेत खातं काढायचं आहे, सगळ्यांचा अंगठा पाहिजे, असं सांगितलं. बायांना कळलं नाही असं समजू नका. बँकेचं खातं काढायला सेठ स्वतः कशाला बसेल? आणि टेबलावर भिंग कशाला ठेवेल?

दुर्गाप्रसाद सेठ खुर्चीत बसला होता. आजा-बाप धानाचे शेतकरी, यानं मिल काढली. गावात बोलायचा आपल्या बोलीत, ऑफिसात हिंदी. त्याच्यापुढं तो एक फारम होता. पांढऱ्या रेघेचा अंगठा दारातूनसुद्धा दिसत होता.

रुख्मा रांगेत सातवी. तिनं काही तयार करून ठेवलं नव्हतं. ना खोटं, ना खरं. डोक्यात एकच, बकारामला कळेल. मिल गेली तर दुसरी मिल मिळेल. पण ज्या बॉयलरवर त्याचा जीव, त्याची गोष्ट त्याच्याच बायकोनं सांगितली, हे कळल्यावर त्या खोलीत ती कुठं उभी राहणार होती?

पहिली अनुसयाबाई. अंगठा मारला. सेठनं भिंग लावलं आणि एकदम सरळ झाला. "यही है."

"काय हाय?" म्हातारी म्हणाली.

"ये निशान. ये कट. तूने लिखवाया?"

"मी तं बुडीचं लिहवलं. दोन."

"दूसरी बुला," सेठ म्हणाला.

दुसरी सुशीलाबाई. तिच्याही अंगठ्यावर पांढरी रेघ. जरा आडवी. तिसरीच्या दोन रेघा. चौथीची नव्हती. पाचवीची होती. सेठ भिंग खालीवर करू लागला, फारमावरचा अंगठा आणि कागदावरचे अंगठे, फारम आणि कागद. सहावीचीही रेघ, तीही तिरपी. रुख्मा पुढं आली. तिनं हात दिला, दिवानजीनं तो दाबला, आणि सेठनं तिच्या ठशाकडं धड पाहिलंही नाही. तो दिवानजीवर ओरडला, "ये क्या है? सबके अंगूठे कटे हुए कैसे हैं?"

दिवानजीनं खाली मान घालून सांगितलं, "सेठजी, धान कापताना डाव्या हातात मूठ धरते ना. इळा तिथंच लागते. धानवाल्या साऱ्याच बायाइले असते." मग थोडं थांबून, "आपल्या माँजीले बी हाय."

सेठ त्याच्याकडं बघत राहिला. आईचा अंगठा याला कधी दिसला नव्हता. आईच्या अंगठ्यावर मिल उभी राहिली आणि याला आज भिंगातून कळलं.

सुटली, असं रुख्माला वाटलं. किती वेळ? सेठनं पाणी पिऊन गिलास खाली ठेवेपर्यंत.

"ठीक है," सेठ म्हणाला. "गुरुवार को इन्स्पेक्टर आ रहा है. वो दूसरा कागज निकाल. इसपे सब लगाओ."

दिवानजीनं टाइप केलेला कागद काढला. अनुसयाबाईनं पॅडवर अंगठा घासून लावूनही टाकला. सुशीलाबाईनं लावला. तिसरीनं लावला. मिलमध्ये असंच चालायचं. कागद आला की अंगठा.

आणि रुख्माच्या तोंडून शब्द निघाला. "काय लिहिलं हाय त्याच्यात?"

दिवानजीला आपण नीट ऐकलं नाही असं वाटलं. "का म्हंते?"

"वाचून दाखवा. रुचिताईनं सारं वाचून दाखवलं होतं. सतराच्या सतरा."

मागं बायांची कुजबुज सुरू झाली. हाव, वाचा. वाचा न जी. सेठनं हात हलवला, पढ दे, इनको क्या समझेगा.

दिवानजीनं घसा साफ केला. "आम्ही खाली अंगठा लावणारे कामगार लिहून देतो की बॉयलरचा फायरमन बकाराम याने मालकांना न विचारता, स्वतःच्या मनाने, सेफ्टी वालला तार बांधली. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे."

सुशीलाबाईनं आपल्या शाईच्या अंगठ्याकडं पाहिलं. मग अनुसयाबाई म्हणाली, "माहा पुसा."

"अंगठा पुसत नाही बुडे."

"मंग मी पुसतो," आणि ती पदर घेऊन खरंच टेबलाकडं निघाली. दिवानजीनं कागद वर धरला.

"तू लगा," सेठ रुख्माला म्हणाला.

"नाही लावत."

"क्यूँ? तेरा आदमी है इसलिए?"

"तार बांधाले कोनं सांगतलं, ते लिहा. मंग लावतो."

सेठ खुर्चीतून पुढं झुकला. एकदम हळू, एकदम मराठीत म्हणाला, "कोनं सांगतलं ते तुले कसं मालूम?"

रुख्माला कळलं, की कळलं. सेठला. तिच्याकडं भिंग नव्हतं, पण सेठच्या तोंडावर तिला सगळं वाचता आलं. ती वळली आणि पळाली. ऑफिसातून पटांगण, पटांगणातल्या ओल्या धानातून सरळ आडवी, बॉयलरकडं. मागून दिवानजी ओरडत होता, धान तुडवला, धान तुडवला.

*

बकाराम उंबरठ्यावर बसला होता. चपला शेजारी, तोंडं बाहेर.

"तुह्यं नाव टाकलं," रुख्मा धापा टाकत म्हणाली. "कागदावर. तार तूच बांधली म्हनते. आपल्या मनानं. साऱ्या बायाइचे अंगठे घेऊन राहिले. गुरुवारी इन्स्पेक्टरले देनार."

"कोन?"

"सेठ."

"हट." तो उठला. "सेठ? माह्याविरुद्ध? मी तं पाच-पाच लिहिले त्याले."

"वाचून दाखवला दिवानजीनं. मी आपल्या कानानं ऐकला."

बकारामच्या तोंडावरून काहीतरी उतरून गेलं. चौदा वर्षं उतरायला फार वेळ लागत नाही. त्यानं कोनाड्यातली पक्कड घेतली आणि लोखंडी शिडी चढला. खालून रुख्माला त्याचे पाय दिसत होते. एक तुकडा तुटला. दुसरा तुटला. सळाख काढून त्यानं खाली टाकली, ती फरशीवर वाजत लोळली. मग दोघंही वर पाहत राहिले.

वाल उघडला नाही.

वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळात काट्याचं तोंड लाल रेघेच्या पलीकडं होतं. तार नाही, सळाख नाही. वाल उडायला हवा होता, वाफ छताला लागायला हवी होती. काही झालं नाही. दोन वर्षं बांधलेला वाल जागेवरच गंजून बसला होता.

आणि रुख्माला जाणवलं, सूं सूं ऐकू येत नाही.

"बका," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं.

"हौद बंद हायेत," तो शिडीवरून घसरतच उतरला. "तुमाले सारायले ऑफिसात बलावलं, कोनं तरी हौदाच्या नळ्या बंद केल्या. वाफ जाईन कोठी? जा, खोल. तिन्ही चक्कर खोल. आनि बायाइले बाहेर काढ. पळ."

"तू?"

"भट्टीतली आग बाहेर ओढतो. पळ म्हनून राहिलो ना!"

ती पळाली. पहिल्या नळीचं चक्कर फिरलं. दुसरं फिरलं. तिसरं तापलेलं, हातांना चिकटलं. तिनं पदर गुंडाळला, फिरेना, पदर सोडला, उघड्या हातांनी धरून फिरवलं. हौदांमधून वाफ अशी उसळली, की पुढचं काही दिसेना. त्यातून ती ओरडत बाहेर आली. बाया तोपर्यंत फाटकाकडं धावत होत्या. सूं सूं थांबलेली त्यांनाही कळली होती, कुणी सांगायची गरज पडली नव्हती. पटांगणात चपलांचा सडा.

रस्त्यापलीकडं सगळे उभे राहिले. सेठ सगळ्यांच्या मागं, सगळ्यांपेक्षा लांब, आपल्या गाडीच्या आडोशाला. आतमध्ये एकच माणूस.

बिसराम फाटकाच्या खांबाला धरून उभा होता. उजवा कान त्यानं मिलकडं केला होता. "येऊन राहिला का आवाज? मले नीट येत नाही. सांगा ना कोनी. येऊन राहिला का?"

"येऊन राहिला," अनुसयाबाई म्हणाली. "हौदाचा येऊन राहिला."

"येऊ द्या. बंद झाला का खाली लोटजा. तोंडावर पालथे लोटजा."

रुख्मा उभी राहिली. तळहातांची आग होत होती, ती कुणाच्या तरी दुसऱ्याच्या हातांची वाटत होती. तिनं फक्त ऐकलं. सूं. सूं. मधेच एक ट्रक गेला आणि त्याच्या घरघरीत काही ऐकू येईना, तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. ट्रक गेला. सूं सूं होती. चिमणीतला धूर काळा होता, मग करडा झाला, मग विरळ. कुणीच हललं नाही. सायकलवरून जाणारा एक माणूस थांबून विचारत होता, काय झालं, काय झालं.

मग बकाराम फाटकातून बाहेर आला. चालत. अनवाणी. चपला आतच राहिल्या होत्या. भुवया जळालेल्या, छाती राखेनं भरलेली. हातात तारेचे दोन तुकडे.

सेठ गाडीमागून पुढं आला. आता तो सगळ्यांत पुढं होता. "आग किसने बुझाई? हौदों में आधा उबला धान है! पूरा लॉट सड़ जाएगा!"

"मी विझवली."

"लिख के देगा?"

"देतो," बकाराम म्हणाला. "पन पहिले वाचून दाखवजा."

सेठनं त्याच्याकडं पाहिलं, मग रुख्माकडं. "उद्यापासून दोघंही येऊ नका," म्हणाला. ऑफिसकडं जायला निघाला, फाटकापाशी थबकला, आत पाहिलं, आणि परत गाडीपाशीच येऊन उभा राहिला.

बकाराम रस्त्याच्या कडेला खाली बसला. रुख्मा शेजारी बसली. मिलच्या आतून अजून थोडी थोडी वाफ येत होती. आता तिला कुणाचीच भीती नव्हती, एक सोडून. तो हातभर अंतरावर बसला होता.

तिनं डावा हात पुढं केला. भाजलेला, लाल. अंगठ्यावर शाई तशीच.

"तो फारम माहा होता," ती म्हणाली.

त्यानं अंगठ्याकडं पाहिलं. खूप वेळ. तोडतो म्हणालेला हात त्याच्यापुढं उघडा होता. त्यानं तारेचे तुकडे मातीत ठेवले.

"मले बी इचारला होता तिनं तो," बकाराम म्हणाला. "सतरावा. आणखी काही सांगाचं हाय का म्हने. पेन धरून थांबली होती."

"तू काय सांगतलं?"

तो मिलकडं बघत राहिला.

"मी म्हटलं, एक पंखा पाहिजे."